वजनाचा काटा दिवस जायच्या आधी आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १७ नोव्हेंबरला कमी दिवसांच्या बाळांचा जागतिक दिवस असतो. मोठ्या दवाखान्यांत जांभळे फुगे लावतात, ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीतून बरी होऊन गेलेली पोरं आईबापांसोबत येतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. बघून खरंच बरं वाटतं, कारण ९०० ग्रॅमचं बाळ जगवणं म्हणजे काय असतं ते मी जवळून बघितलंय. पण त्या बातमीत मशीन असतं, डॉक्टर असतात, बाळाचं वजन ग्रॅमपर्यंत असतं आणि आईचं वजन कुठेच नसतं. दिवस जायच्या आधी ती किती किलोची होती हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी सांगणार कोण, कारण ते कुणी मोजलेलंच नसतं. त्याबद्दल लिहायचंय म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, जागा कमी असेल तर शेवटचे वजनाचे आकडे तेवढे ठेवा.

मी मराठवाड्यात आरोग्य सेविका होते, सगळी नोकरी उपकेंद्रांवर गेली, आता रिटायर आहे. आमच्याकडे गरोदर बाईची नोंदणी व्हायची तिसऱ्या नाहीतर चौथ्या महिन्यात, कधी पाचव्याही. अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी बाया यायच्या, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेलं. काटा शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवला की दीड-दोन किलो इकडचा तिकडे व्हायचा म्हणून मी फरशीचा तुकडा शोधून त्यावर ठेवायचे. बाई चप्पल काढून चढायची, एक हात भिंतीला टेकवलेला, आणि "सिस्टर किती आलं" म्हणून खाली वाकली की आकडा पुन्हा हलायचा, मग "सरळ उभी राहा, हात काढ भिंतीचा" असं चालायचं. जो आकडा पडेल तो कार्डावर पहिल्या रकान्यात. आणि तेच तिचं मूळ वजन धरून पुढे किती वाढलं ते बघायचं. पण तोवर कुणी उलट्यांनी तीन किलो उतरलेली असायची, कुणी तीन किलो वाढलेली, मूळ वजन काय होतं ते देव जाणे. आणि खरा घोळ इथेच आहे, कारण बाळ दिवस भरून जन्मेल की लवकर, यातला बराच भाग त्या न मोजलेल्या वजनावर ठरलेला असतो.

हे मी मनाने सांगत नाहीये. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी जन्मलं तर ते कमी दिवसांचं बाळ. २०२० साली जगात अशी साधारण १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात, दुसऱ्या कुठल्याच देशात एवढी नाहीत. पाच वर्षांच्या आतली जी मुलं जातात त्यांच्यात सगळ्यात मोठं कारण हेच, लवकर जन्मणं आणि त्यातून होणारे त्रास. आता आईचं वजन. उंचीच्या मानाने वजन किती ते बघायला बीएमआय काढतात, किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १८.५ च्या खाली आलं तर कमी, २५ च्या वर जास्त, ३० च्या वर लठ्ठपणा, आणि आपल्या लोकांना पोटावर चरबी लवकर चढते म्हणून इकडचे डॉक्टर २३ पासूनच सावध करतात. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून बघितले तर १८.५ च्या खालच्या बाईला लवकर बाळंत व्हायचा धोका साधारण ३० टक्क्यांनी जास्त दिसतो. म्हणजे दुप्पट तिप्पट नाही, घाबरून जायचं कारण नाही, पण जिथे गावातल्या निम्म्या सुना हाडकुळ्या आहेत तिथे हे ३० टक्के म्हणजे किती बाळं होतात याचा विचार करा.

आपल्याकडे किती बारीक बाया आहेत? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी साधारण २१ कमी वजनाच्या आणि २३ जास्त वजनाच्या निघाल्या. एकाच राज्यात दोन्ही. पण ही सगळ्या वयांची सरासरी झाली, चाळिशीतली सासू आणि विशीतली सून एकत्र धरून. फक्त दिवस जायच्या वेळचं बघितलं तर चित्र अजून वाईट होतं. डायन कॉफी नावाच्या संशोधक बाईंनी २००५ च्या आसपासच्या आकड्यांवरून २०१५ मध्ये दाखवलं की भारतात दिवस जायच्या वेळी १०० पैकी ४२ बायका कमी वजनाच्या होत्या, आणि सहारा वाळवंटाच्या खालच्या आफ्रिकेत, जिथली गरिबी आपल्यापेक्षा जास्त, तिथे १६-१७. आपली बाई नऊ महिने भरल्यावर जेवढी भरते त्यापेक्षा तिकडची बाई सुरुवातीलाच जास्त भरते. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती. कारण याचं उत्तर फक्त गरिबीत नाही, याचं उत्तर घरातल्या पंक्तीत आहे. नवी सून सगळ्यांच्या मागून जेवते, तळाची भाजी आणि उरलेली भाकरी, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठते. माहेरी २० किलोची घागर आणणारी पोर सासरी आली की वर्षात चार किलो उतरते आणि तिला सगळे म्हणतात, कामाची आहे हो, अंगाने हलकी आहे.

एक मुलगी डोक्यातून जात नाही. ऊसतोडीच्या टोळीत नवरा बायको मिळून एक कोयता धरतात, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर मिळते, त्यामुळे हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकायची घाई असते, हे आमच्या भागात कुणाला नवीन नाही. तिचंही तसंच झालं. १९ वर्षांची, उंची पाच फुटाला जरा कमी, वजन ३७. दिवस गेले तेव्हा ती कारखान्यावर होती, पाचव्या महिन्यापर्यंत तपासणी नाही, लोहाच्या लाल गोळ्या नाहीत, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायचं चालू. ३२ व्या आठवड्यात फडातच पाणी गेलं. बाळ १ किलो ३०० चं, तिकडच्या एका दवाखान्यात पेटीत ठेवलं, मग उघड्या छातीशी धरून आईने ऊब दिली, नळीने दूध पाजलं, आणि बाळ जगलं. इथपर्यंतची गोष्ट पेपरात येण्यासारखी आहे. पुढची नाही. वर्षाच्या आत तिला परत दिवस गेले, तेव्हा काट्यावर ३६ आले. दुसरं बाळ राहिलं नाही.

यात वजन एकटंच दोषी आहे असं मी म्हणत नाही. कोवळं वय, अंगातलं रक्त कमी, जड काम, लघवीचं इन्फेक्शन, दोन बाळंतपणांत अंतर नाही, सगळं एकात एक गुंतलेलं. शिवाय मिश्री. आमच्याकडे बाया सकाळ संध्याकाळ मिश्री लावतात, म्हणतात भूक मरते, काम रेटता येतं. मुंबईत १२०० च्या वर गरोदर बायकांवर अभ्यास झाला होता, २००४ मध्ये छापून आला, त्यात तंबाखू-मिश्रीवाल्या बायकांची बाळं सरासरी १०० ग्रॅमने हलकी आणि लवकर जन्मणारीही जास्त. म्हणजे जी बाई आधीच उपाशी तिनेच भूक मारायला मिश्री लावायची आणि त्याने बाळाचं अजून नुकसान. पण या सगळ्यात काट्यावर एका मिनिटात दिसणारी आणि वेळ असताना कळली तर सुधारता येणारी गोष्ट वजन आहे, म्हणून मी त्यावर एवढी अडून बसलीये. बारीक बाईच्या अंगात गरोदरपणात रक्त जेवढं वाढायला पाहिजे तेवढं वाढत नाही, वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा भाग, लहान राहते, लोह फॉलिक सगळं आधीच कमी, आणि चौथ्या महिन्यात लाडू द्यायला सुरुवात केली तरी वार बसायचे दिवस मागे गेलेले असतात.

आता दुसरी बाजू, शहरातली. माझी भाची पुण्यात नोकरी करते, दिवसभर खुर्चीवर, उंची १५८ सेंटीमीटर, दिवस जायच्या आधी वजन ९२. लग्नानंतर दीड वर्ष पाळीच्या तक्रारीसाठी एका दवाखान्यात जात होती, गोळ्या दिल्या, सोनोग्राफ्या झाल्या, पण वजन कमी केल्याशिवाय पुढे बीपीचा त्रास होऊ शकतो हे कुणी शांतपणे बसून सांगितलं नाही. सहाव्या महिन्यात बीपी वाढला, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, आणि ३१ व्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले आता थांबलो तर आईला झटके येतील, बाळ काढावं लागेल. हा प्रकार बारीक बाईपेक्षा वेगळा, इथे कळा आपोआप येत नाहीत, बीपी किंवा शुगरमुळे डॉक्टरांनाच वेळेआधी सिझर करावं लागतं. आणि आपोआप लवकर बाळंत व्हायचा धोकाही जास्त वजनात वाढतोच. स्वीडनमध्ये १९९२ ते २०१० मधल्या १५ लाखांच्या वर बाळंतपणांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये आला. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं नेहमीच्या वजनाच्या आयांमध्ये हजारात दोनपेक्षा कमी, आणि बीएमआय ४० च्या वर असलेल्यांमध्ये हजारात पाच. तिथे तर प्रत्येक बाईचं वजन सुरुवातीच्या भेटीतच नीट नोंदवलेलं, म्हणून असा अभ्यास करता आला. आकडे लहान आहेत हे लक्षात घ्या, ९९५ जणींना तसं काही होत नाही, पण चढण दिसते, जसजसं वजन वाढतं तसतसा धोका वाढतो.

भाचीला घरचे काय म्हणाले माहितीये? खात सुटलीस म्हणून झालं. आणि त्या ऊसतोडीच्या पोरीला सासू म्हणाली, तुझ्या अंगात बाळ धरायची ताकदच नाही. दोघींचं बाळ पेटीत, दोघी स्वतः टाक्यात रक्तात, आणि बोलणी त्यांनाच. मला हे फार लागतं. म्हणून सगळ्या घरच्यांना हात जोडून सांगते, मी वजनाबद्दल लिहितीये ते बाईला दोष द्यायला नाही. ३७ किलोची पोर स्वतःहून ३७ ची राहिलेली नसते, तिला ताटात कुणी वाढलं नाही हा प्रश्न आहे. लवकर जन्मलेल्या कितीतरी बाळांच्या आयांचं वजन अगदी बरोबर असतं आणि कारण शेवटपर्यंत सापडत नाही, तेव्हा कुणीही कुणाच्या बाळंतिणीला काटा दाखवून टोमणे मारू नयेत.

मग करायचं काय. माझं म्हणणं एवढंच आहे की काटा आधी आणा. आणि हे होत नाही असं मला कुणी सांगू नये, कारण आपल्याच पुणे जिल्ह्यात ते करून दाखवलेलं आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत लग्न झालेल्या बायकांची दिवस जायच्या आधीपासून मापं घेतली, पाळीच्या तारखा घरोघरी जाऊन लिहिल्या. त्यात दिवस जायच्या आधीचं सरासरी वजन निघालं ४२ किलोच्याही आत, बीएमआय १८. आणि ज्या बाया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं अंगाने चांगली होती. तीस वर्षांपूर्वी, मोबाईल नसताना, गावात हे जमलं.

नंतर मुंबईच्या झोपडपट्टीत २००६ पासून दुसरा मोठा प्रयोग झाला, ६,५०० च्या वर बायकांवर. दिवस जायच्या आधीपासून रोज एक खाऊ, काहींना पालेभाजी, फळं, दूध घातलेला आणि काहींना बटाटा-कांद्याचा. सगळ्यांचं एकत्र बघितलं तर बाळाच्या वजनात फरक आला नाही. पण ज्यांनी दिवस जायच्या निदान तीन महिने आधी खायला सुरुवात केली होती त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली, आणि पालेभाजी-दुधाच्या गटात गरोदरपणातली शुगर कमी जणींना झाली, बारा टक्क्यांच्या जागी सात. खूप बारीक बायांच्या बाळांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. मला यातून असं वाटतं, हे माझं मत आहे, की ज्या बाईचं पोटच भरत नाही तिला एका खाऊने भागणार नाही, तिला दोन वेळचं पूर्ण ताट पाहिजे, डाळ, अंडं, तेल सगळं, आणि ते महिनोन् महिने.

सरकारच्या योजना मला पाठ आहेत, मी त्या राबवल्यात, आणि त्यांनी बायांचं भलं झालेलंही बघितलंय. आदिवासी भागात अमृत आहार २०१५ पासून आहे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना एक वेळचं गरम जेवण. मातृ वंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० रुपये आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी आहे. अंगणवाडीतून आहाराची पाकिटं आहेत. पण हे सगळं पोटात बाळ आल्यावर सुरू होतं. शाळेत असेपर्यंत पोरीला आठवड्याची लोहाची गोळी मिळते, शाळा सुटली, लग्न झालं की गोळ्या-आहारासाठी प्रत्यक्षात तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही, ते परत सुरू होतं दिवस गेल्यावर. मधलं जे वर्ष दोन वर्षं असतं, ज्यात वजन सुधारता येईल, तेच रिकामं. २०२२ च्या नवरात्रात "माता सुरक्षित तर घर सुरक्षित" अभियानात १८ वरच्या बायकांची तपासणी झाली, वजन उंचीही घेतली, तसं काम कायम चालू राहिलं पाहिजे. नाशिक जिल्ह्यात दिवस जायच्या आधीच्या काळजीचा प्रयोग आशा ताईंना घेऊन झालेला आहे, तो गावोगाव जायला हवा.

आशा ताई दरवर्षी घरोघरी फिरून पात्र जोडप्यांचं, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या नवरा-बायकोंचं, रजिस्टर भरतातच. मी ज्या रजिस्टरवर काम केलं त्यात बायकोचं वय, किती मुलं, कोणतं साधन वापरतात, शेवटचं मूल केवढं, सगळं होतं, वजन उंचीचा रकाना नव्हता. तो पाहिजे, आणि वर्षातून दोनदा भरला पाहिजे. मात्र आशांवर नुसतं काम टाकू नका, त्याचा वेगळा मोबदला द्या, नाहीतर आकडे घरी बसून भरले जातील आणि त्यात त्यांची चूक नसेल. १८.५ च्या खाली आलेल्या सुनेला अंगणवाडीचा आहार त्याच दिवसापासून द्या, पोट दिसायची वाट बघू नका. आणि वजन भरेपर्यंत पाळणा लांबवायचं साधन द्या, त्यात नवऱ्यालाही बसवून समजावा. पहिलं बाळ झाल्यावर पुढच्या वेळी दिवस जाण्यात दोन वर्षांचं अंतर हवं असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, आणि पहिलं लवकर जन्मलेलं असेल तर ते अंतर जास्तच गरजेचं, कारण एकदा लवकर झालं की परत व्हायची शक्यता वाढते. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी दिवस जायच्या आधी उतरवावं, गरोदरपणात डाएट करून उपाशी राहू नये, हे डॉक्टरांनी लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत सांगावं, रागावून नाही, नीट.

अजून एक, पोरींच्या आयांना. "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि सिझर होतं" हे डोक्यातून काढा. मी असंख्य घरांत ऐकलंय, सातवा लागला की भाकरी अर्धी करतात. बारीक बाईने गरोदरपणात साडेबारा ते अठरा किलो वाढावं असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांचं २००९ चं मोजमाप आहे, आपल्याकडे सात किलो वाढलं तरी पुष्कळ म्हणतात. त्यात अर्धी भाकरी कमी केली तर बाळाला काय मिळणार?

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होईल, तुमच्या पेपरात मुहूर्तांच्या तारखा येतील. त्याच पानावर एक छोटी चौकट द्याल का? उंची १४५ सेंमी असेल तर वजन निदान ३९ किलो हवं आणि ५२ च्या वर नको. १५० सेंमीला ४२ ते ५६. १५५ ला साडेचव्वेचाळीस ते ६०. १६० ला साडेसत्तेचाळीस ते ६४. खालच्या आकड्याच्या खाली असेल तर तीन-चार महिने आधी पोटभर खाऊन, रक्त तपासून, गोळ्या घेऊन मगच बाळाचा विचार करा, वरच्या आकड्याच्या वर असेल तर डॉक्टरांना भेटून बीपी शुगर बघून घ्या. काटा जवळच्या उपकेंद्रात फुकट आहे, सिस्टरला सांगा, चप्पल काढा आणि भिंतीला हात लावू नका.

कळावे,
आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, बीड जिल्हा